पेठ नाक्यापासून सुरू होणारी रांग

मुंबईहून आखाताला, युरोपला किंवा अमेरिकेला जाणारी बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. सांगलीचा माणूस तिकिटावरची वेळ वाचतो आणि तिथून उलटा हिशेब मांडायला बसतो. पहाटे तीनचं विमान, म्हणजे रात्री अकराला विमानतळावर पाहिजे. खंडाळ्याच्या घाटात गाड्या तुंबल्या तर? मग दहा. पुण्याला नवले पुलापाशी अडकलो तर? मग नऊ. खंबाटकीत एखादा कंटेनर आडवा झाला तर? या ‘तर’ला तोड नसते, म्हणून गाडी दुपारी बारा-एकलाच निघते. विट्याची कराडवरून येते, सांगली-मिरजेची आष्ट्यावरून पेठ नाक्याला महामार्गाला लागते, आणि जतच्या माणसाने तोवर दोन तासांचा रस्ता तुडवलेला असतो. जाणारा एक असतो, पोचवायला चौघे. डिकीत भडंगाची पाकिटं, साताऱ्यात थांबून घेतलेले कंदी पेढे, आणि घरच्या वजनकाट्यावर दोनदा तोललेली बॅग.

एवढं करून माणूस सहारच्या टर्मिनल दोनमध्ये शिरतो. चेक-इन होतं, आणि मग तो इमिग्रेशनच्या दालनात येऊन नागमोडी पट्ट्यांच्या रांगेत उभा राहतो. पुढे दीडशे माथी. बाजूला मात्र एक मोकळी पट्टी असते. तिच्यावरून कुणी हातात पातळसं जाकीट घेऊन, चाल न बदलता थेट खिडकीपाशी जातो. पट्ट्यांतल्या रांगेतून त्याच्याकडे पाहणाऱ्या नजरेत राग फारसा नसतो, हिशेब असतो. याचं तिकीट केवढ्याला पडलं असेल?

हा लेख त्या मोकळ्या पट्टीबद्दल आहे. रांगेत पुढे जायचा हक्क माणसाला कशाच्या जोरावर मिळावा, एवढाच त्यातला प्रश्न. पैशाच्या? ओळखीच्या? वयाच्या आणि दुखण्याच्या? की एकदा नीट तपासून दिलेल्या विश्वासाच्या? चारही रस्ते आज चालू आहेत, आणि सातारा-सांगलीच्या माणसाने चारही पाहिले आहेत.

आधी पैशाचा. बिझनेस क्लासच्या तिकिटात विमानकंपनी जे विकते त्यातलं बहुतेक तिच्या मालकीचं असतं. रुंद खुर्ची तिची, जेवण तिचं, विमानात आधी चढू देणं तिच्या हातातलं. लाउंजही तिचा किंवा तिने भाड्याने घेतलेला. त्याचे दहापट पैसे घेतले तरी मला काही म्हणायचं नाही. इमिग्रेशनची खिडकी मात्र तिची नाही. विमानतळाची इमारत आपल्याकडे खासगी कंपनी चालवते, दारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान असतो, येताना सामान तपासणारा कस्टमचा माणूस अर्थमंत्रालयाचा, आणि पासपोर्टावर शिक्का मारणारा ब्युरो ऑफ इमिग्रेशनचा, म्हणजे गृहमंत्रालयाचा. एका छपराखाली चार घरं. प्रवाशाला ती एकच वाटतात, आणि विकणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं.

जगभर ही वाट विकली जाते. लंडनच्या हीथ्रोला विमानकंपन्या आपल्या वरच्या वर्गाच्या प्रवाशांना फास्ट ट्रॅकची सोय देतात. बँकॉकच्या सुवर्णभूमीला प्रीमियम लेन आहे. खिडकीवरचा अधिकारी सरकारी, त्याच्यापर्यंत नेणारी वाट तिकिटाच्या किमतीत. आपल्याकडेही मोठ्या विमानतळांवर पैसे भरून सोबतीला माणूस घेता येतो. तो दारापासून सामान उचलतो, योग्य खिडकीकडे नेतो, कुठल्या कोपऱ्यात गर्दी कमी आहे ते त्याला ठाऊक असतं.

याचं समर्थन करणारे म्हणतात, वरच्या वर्गाचे प्रवासी वेगळे काढले की मोठ्या रांगेवरचा भार कमी होतो. ऐकायला पटतं. पण गणित साधं आहे. आठ अधिकारी बसले आहेत आणि त्यांतला एक मोकळ्या पट्टीसाठी राखला, तर मोठ्या रांगेला सातच उरले. राखलेल्याकडे माणसं कमी येतात, तो अधूनमधून रिकामा बसतो, आणि इकडे दीडशे माथी तशीच. वरच्या वर्गाच्या पैशांतून नववा अधिकारी बसवला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कुणाचंच काही जात नाही. म्हणून कुणी ‘फास्ट ट्रॅक’ म्हणालं की विचारायचा प्रश्न एकच: हा माणूस नववा आहे की आठातला एक? जाहिरातीत याचं उत्तर नसतं.

ओळखीचा रस्ता आपल्याला जास्त परिचयाचा. ‘आत आपलं कोण आहे का?’ हा प्रश्न तहसील कचेरीपासून सिव्हिल हॉस्पिटलापर्यंत आपण इतक्या सहज विचारतो की त्यात काही वावगं आहे हे जाणवतही नाही. आत आपलं कोणीच नसलं तर काय होतं, याची सर्वांत लांबलचक नोंद साताऱ्याच्याच नावावर आहे. १८१९च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसवलं आणि १८३९मध्ये त्याच इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. दाद मागायला त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४०पासून १८५३पर्यंत ते तिथे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीचे उंबरे झिजवत, भागधारकांच्या सभांत बोलत, पत्रकं छापत. जॉर्ज थॉम्पसनसारखे काही इंग्रज त्यांच्या बाजूने उभे राहिले. रंगो बापूजी लंडनमध्ये वाट पाहत होते तेवढ्यात १८४७मध्ये इकडे प्रतापसिंहांचं काशीत निधन झालं, १८४८मध्ये डलहौसीने सातारा खालसाच केला. ज्यासाठी ते रांगेत उभे होते ते राज्यच उरलं नाही, तरी ते आणखी पाच वर्षं उभे राहिले. आजच्या दीड तासाच्या रांगेशी याची तुलना करू नये, हे मलाही कळतं. पण खिडकीमागच्या माणसाला तुमची कैफियत ऐकून घ्यायची घाई नसणं म्हणजे काय, हे साताऱ्याला तेव्हाच कळलं होतं.

तिसरा रस्ता व्हीलचेअरचा. यावर आपण मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मुलगा न्यू जर्सीला किंवा ह्यूस्टनला. आई-वडील इस्लामपूरला, फलटणला किंवा मिरजेला. सुनेचं बाळंतपण आलं, आता जायचं. तिकीट काढताना मुलगा फोनवर सांगतो, ‘आई, व्हीलचेअर लावलीये हं, नाही म्हणू नको.’ आई रोज सकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाते. ती म्हणते, ‘अरे, मला काय धाड भरलीय?’ पण मुलाचा हिशेब वेगळा असतो. मधल्या विमानतळावर गेट बदललं तर आईला पाटी वाचता येणार नाही, इंग्रजीतला प्रश्न समजणार नाही, दोन किलोमीटर चालून ती भलत्याच टोकाला पोचेल. खुर्ची लावली की ढकलणारा माणूस येतो, आणि तो सगळ्या खिडक्यांपाशी नेऊन पलीकडे सोडतो. रांगेत पुढे जाणं हे त्यात मिळालेलं वरकड.

भारत-अमेरिका विमानांवर व्हीलचेअरची मागणी इतकी असते की विमानकंपन्याच हैराण झाल्या आहेत. विमानाच्या दाराशी खुर्च्यांची रांग लागते, म्हणजे रांग टाळायला घेतलेल्या खुर्च्यांचीच रांग. यावर हसणं सोपं आहे, आणि ढोंग म्हणून झटकून टाकणं त्याहून सोपं. खरा फटका बसतो तो ज्यांचे गुडघे खरोखरच गेले आहेत त्यांना. त्यांना खुर्ची वेळेवर मिळत नाही. पण मुळात ही मागणी कशाची आहे? इस्लामपूरच्या काकूंना खुर्ची नको असते. त्यांना मराठी किंवा हिंदी बोलणारा, बोट धरून नेणारा माणूस हवा असतो. तशी सोय तिकिटात वेगळी मिळत नाही, खुर्ची फुकट मिळते. म्हणून त्या खुर्चीत बसतात. पैसेवाल्याला हीच सोय ‘सोबत’ म्हणून विकत मिळते, त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही.

आता चौथा रस्ता, विश्वासाचा. २२ जून २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दिल्लीच्या टर्मिनल तीनवर ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम’ सुरू केला. १६ जानेवारी २०२५ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद असे सात विमानतळ त्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर. एकवीस विमानतळांचं उद्दिष्ट आहे. पहिल्या टप्प्यात भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक, यांनाच ही सोय आहे, आणि ती विनाशुल्क आहे.

रीत अशी. घरबसल्या पोर्टलवर अर्ज भरायचा, फोटो आणि पासपोर्टाची पानं चढवायची. तुमची माहिती यंत्रणा तपासतात. अर्ज मंजूर झाला की बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला जायचं, आणि ते झालं की पाच वर्षं, किंवा पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, तुम्ही नोंदलेले प्रवासी. मग विमानतळावर चेक-इन करून सरळ ई-गेटकडे. पासपोर्ट ठेवायचा, बोर्डिंग पास दाखवायचा, पहिली झडप उघडते. आत चेहरा जुळतो, दुसरी उघडते. सरकारचा दावा तीस सेकंदांचा आहे. शिक्का नाही, ‘कशासाठी जाताय’ नाही.

हे एका दिवसात आलेलं नाही. परदेशातून येणाऱ्या भारतीयांना एक फॉर्म भरावा लागायचा, तो १ मार्च २०१४पासून बंद झाला. जातानाचा फॉर्म १ जुलै २०१७पासून गेला. विमानतळावर पेन मागत फिरणारे आणि ‘जरा माझा पण भरून द्या की’ म्हणणारे काका ज्यांना आठवतात त्यांना त्या दोन तारखांचं मोल कळेल. फॉर्म गेला कारण त्यातली सगळी माहिती संगणकात आधीच होती. आता अधिकाऱ्याची नजरही तशीच एकदा आधी टाकून घ्यायची, असा हा विचार.

आणि तो मला पटतो. अमेरिकेची ग्लोबल एन्ट्री साधारण याच धर्तीची आहे. भारतीय नागरिकांना ती २०१७पासून खुली झाली. तिला पैसे पडतात, १०० डॉलर होते ते ऑक्टोबर २०२४पासून १२० झाले, आणि मुलाखत द्यावी लागते. आपली फुकट आहे आणि तिकिटाच्या वर्गाशी तिचा संबंध नाही. मागच्या ओळीतल्या सदतीस नंबरच्या सीटवर बसणारा विट्याचा पोरगा आणि पुढच्या केबिनमधला उद्योगपती, दोघांना एकच झडप. पुढे जाण्याचा हक्क विकत मिळत नाही, तपासून मिळतो. विमानतळावरच्या चारही रस्त्यांत मला न्यायाचा वाटतो तो हाच.

तपासून विश्वास ठेवण्याची ही पद्धत सांगलीला नवी नाही. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. २००३मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि माल अडकला. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने अंश तपासणीची पद्धत बसवली, आणि पुढे ग्रेपनेट ही बागांच्या नोंदणीची यंत्रणा आली. निर्यातीच्या बागेची नोंद कृषी खात्याकडे, प्रत्येक प्लॉटला क्रमांक, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेणार, अंश मर्यादेबाहेर असला तर त्या प्लॉटचा माल निर्यातीला जाणारच नाही. २०१०मध्ये पुन्हा युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराईडवरून अडवणूक झाली, बागायतदारांचं कंबरडं मोडलं, आणि तपासायच्या रसायनांची यादी आणखी कडक झाली. बागायतदार या कागदांना वैतागतो, पण रॉटरडॅमच्या बंदरात कंटेनर सोडवत बसण्यापेक्षा सावळजच्या बागेत नमुना दिलेला बरा, हे तो शिकला आहे.

ग्रेपनेटमधली कळीची गोष्ट ही की नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. बागायतदाराला घड घेऊन बंदरात जावं लागत नाही. प्रवाशाच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. अर्ज घरून भरता येतो, पण ठसे द्यायला परकीय नागरिक नोंदणीच्या प्रादेशिक कार्यालयात किंवा योजनेतल्या विमानतळावरच जावं लागतं. सांगलीकरासाठी दोन्हींचा अर्थ मुंबई. जो महिन्याला मुंबईहून उडतो त्याला अडचण नाही. एका फेरीत ठसे दिले, पुढच्या फेरीपासून झडप. पण जो पाच वर्षांतून एकदा लेकीकडे जातो, त्याने तीस सेकंदांसाठी वेगळी मुंबई का करावी? तो करत नाही. म्हणून फुकट असूनही ही झडप आपोआप वरचेवर उडणाऱ्यांची होते, आणि वरचेवर उडणारे कोण असतात हे सांगायला नको.

गंमत अशी की त्याच बोटांचे ठसे सरकारने आधी घेतलेले असतात. पासपोर्ट काढताना दहाही बोटं यंत्रावर टेकवावी लागतात. एके काळी त्यासाठी पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात जावं लागे. सातारा-सांगलीची माणसं पहाटेची एसटी पकडून अपॉइंटमेंट गाठायची, आणि एखादा कागद राहिला की संध्याकाळी रिकाम्या हाताने स्वारगेटला परत. २०१७पासून केंद्राने मोठ्या पोस्टांत पासपोर्ट केंद्रं काढायला सुरुवात केली, सांगलीच्या पोस्टातही ते आलं, आणि एक रांग खरोखरच कमी झाली. कुठल्याही विमानतळावरच्या झडपेपेक्षा त्या पोस्टातल्या टेबलाने या भागातल्या माणसाचे जास्त तास वाचवले, असं माझं स्पष्ट मत आहे. पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड देतानाच या योजनेचीही नोंदणी करून घ्यावी, असा विचार गृहमंत्र्यांनी सप्टेंबर २०२५मध्ये बोलून दाखवला आहे. तो अमलात आला तर अर्धं काम सांगलीच्या पोस्टातच होईल.

पण या भागातून परदेशी जाणारे सगळेच लेकीकडे जात नाहीत. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात आहेत. देशभरच्या सराफपेठांतून भट्ट्या लावून ती सोनं गाळतात, टंच काढतात. गावाकडे जत्रेला येतात तेव्हा गाड्यांवर दहा राज्यांच्या नंबरप्लेटी दिसतात. शाळा अर्धवट टाकून भट्टीवर बसलेला पोरगा हातात पक्कं कसब घेऊन मोठा होतो, आणि पासपोर्ट काढायला गेला की त्याच्या कागदावर तीन अक्षरं येतात: ईसीआर. म्हणजे ‘याच्या परदेशगमनाची तपासणी आवश्यक’. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली, दहावी न झालेला माणूस सौदी, अमिरात, कतार, कुवेत, ओमान, मलेशियासारख्या अठरा ठरावीक देशांत नोकरीला जायचा असेल, तर आधी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. फिरायला जाणाऱ्याला लागत नाही, कामाला जाणाऱ्याला लागते.

कायद्याचा हेतू वाईट नाही. एजंटाने खोट्या करारावर आखातात नेऊन पासपोर्ट काढून घेतला, पगार बुडवला, अशा गोष्टींतूनच तो आला. इथे मंद रांग ही माणसाच्या भल्यासाठी आहे. तरी खिडकीवर उभं राहिल्यावर ती तशी वाटत नाही, कारण तिथे विचारले जाणारे प्रश्न एजंटाला नसतात, कामगाराला असतात. जानेवारी २०१८मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं ठरवलं होतं. शिक्षण कमी, म्हणून कव्हरचाच रंग वेगळा! रांगेतल्या सगळ्यांना लांबूनच दिसलं असतं की हा दहावी नापास. केरळपासून दिल्लीपर्यंत ओरड झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो बेत गुंडाळला. रंग गेला, अक्षरं राहिली. विश्वासाची झडप मला आवडते, पण विश्वास कशाने मोजायचा हे दहावीच्या गुणपत्रिकेवर सोडू नये. ज्याच्या हाताने लाखो रुपयांचं सोनं दर आठवड्याला गाळलं जातं, त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा सराफाने कधीच घेतलेली असते.

सगळ्यांना झडप मिळाली तर तिचा वेग राहील का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर आनेवाडी आणि तासवड्याच्या टोलनाक्यांवर बघायला मिळालं. फास्टॅग आला तेव्हा काही वर्षं तो थोड्यांकडे होता. त्यांची लेन मोकळी, बाकीच्या लेनमध्ये सुट्ट्या पैशांवरून हुज्जत. फेब्रुवारी २०२१च्या मध्यापासून तो सक्तीचा झाला, आणि मोकळी लेन नाहीशी झाली. ज्यांनी आधी टॅग घेतला होता ते चिडले. पण नाक्यावरचा एकूण वेळ कमी झाला, हे रोज कराड-सातारा करणारा कुणीही सांगेल, मग तो टोलच्या दरावरून कितीही शिव्या घालो. झडपेचंही तेच होईल. ती सगळ्यांची झाली की ‘फास्ट ट्रॅक’ म्हणवून घेण्यातली ऐट जाईल, आणि जावीच. मग खिडकीवरच्या अधिकाऱ्याला ज्यांच्याशी खरोखर बोलायला हवं त्यांच्याशी बोलायला वेळ मिळेल, म्हणजे पहिल्यांदाच एकटी निघालेली मुलगी, बनावट व्हिसा हातात पडलेला पोरगा, कागद न समजणारा कामगार.

रांगेबद्दल आपल्याकडे एक मोठी विचित्र प्रथा आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्री शासकीय महापूजा करतात. राज्यातला सर्वांत मोठा व्हीआयपी, त्याच्यासाठी दर्शनबारी थांबते. पण त्याच्या शेजारी पूजेला बसायचा मान मिळतो तो बारीत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या वारकरी जोडप्याला. तासन्‌तास उभं राहून ते तिथवर आलेलं असतं. एकाच पाटावर रांग मोडणारा आणि रांग पाळणारा, दोघांचा मान! इतर अनेक देवस्थानांत पैसे भरून लवकर दर्शनाची सोय आहे. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा ३१ जानेवारी २०२५ला न्यायालयाने अशी खास वागणूक नसावी असं मत दिलं, पण आदेश द्यायला नकार देऊन चेंडू समाजाच्या आणि देवस्थानांच्या अंगणात टाकला. देवापुढची वाट विकावी की नाही हे देवस्थानांनी ठरवावं. पासपोर्टाच्या शिक्क्यापुढची वाट सरकारची आहे. तिथे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

राहता राहिला अंतराचा मुद्दा. सांगलीजवळ कवलापूरला ब्रिटिशकाळातली धावपट्टी आहे, कराडला कोयना प्रकल्पाच्या काळातली. दोन्हींच्या नावाने निवडणुका लागल्या की विमानं उडतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडीला मार्च २०२४मध्ये नवं टर्मिनल मिळालं, तिथून देशातली विमानं सुटतात. पुण्याहून दुबई आणि बँकॉकची विमानं आहेत, आणि सातारकराला लोहगाव सहारपेक्षा कितीतरी जवळ. पण वर दिलेल्या तेरा विमानतळांत पुणे नाही. चेहरा दाखवून आत सोडणारी डिजियात्रा पुण्यात आहे, ती देशांतर्गत प्रवासाला. म्हणजे साताऱ्याच्या माणसाला जवळचं विमानतळ घ्यायचं की झडपेचं, हे ठरवावं लागतं. नवी मुंबईहून डिसेंबर २०२५च्या अखेरीस देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. पनवेलपाशीच गाडी वळली की पुढची मुंबई वाचते, त्यामुळे तिथे परदेशी विमानं नीट सुरू होऊन झडपा लागल्या तर या पट्ट्याचा हिशेब पुष्कळ बदलेल.

तोवर ज्यांना मुंबईहूनच जायचं आहे त्यांनी अर्ज तिकीट काढलं त्याच आठवड्यात भरावा. पासपोर्ट किमान सहा महिने शिल्लक आहे ना ते आधी पाहावं. तो लवकरच नवा करायचा असेल तर आधी तो करावा, कारण पासपोर्टासोबत नोंदणीही संपते. पासपोर्टावरचं नाव अर्जात जसंच्या तसं घालावं, मधलं नाव गाळू नये. मंजुरीचा मेसेज आला असेल तर विमानाच्या दिवशी तासभर आधी पोचून ठशांच्या टेबलाचा पत्ता विचारावा. घरातली म्हातारी माणसं येणार असतील तर त्यांचेही ठसे त्याच फेरीत उरकून घ्यावेत. आणि विमान पुण्याहून असेल तर यातलं काहीच करू नये. तिथे अजून अधिकारीच पासपोर्ट उघडून पाहतो.